हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांचा तोल कसा तपासायचा

सत्तरी ओलांडली तरी रोज पाखाडी (चढावरची पायऱ्यांची दगडी वाट) चढून देवळात जाणारे, भाताच्या लावणीला सुनेच्या बरोबरीनं चिखलात उतरणारे, परसात पडलेल्या माडाच्या झावळ्या स्वतः ओढून आणणारे आजी-आजोबा कोकणात वाडीवाडीत आहेत. त्यांचा तोल तपासूया म्हटलं की घरचे म्हणतात, "त्यांना काय झालंय?" आणि मालवण-कुडाळकडचे आजोबा स्वतःच विचारतात, "माका काय धाड भरली?"

खरं तर तपासणीची गरज त्यांनाच जास्त आहे. घरात बसून असलेल्या माणसापेक्षा हिंडत्या माणसाच्या वाट्याला घसरण्याच्या जागा कितीतरी जास्त येतात. शेवाळलेला जांभा, दोन खाचरांमधला अरुंद बांध, ओढ्यावरचा पावसात भिजलेला साकव, विहिरीकडची ओली पायरी, मचव्यातून उतरतानाची हलती फळी. या जागी तोलात झालेली थोडीशी घटही महागात पडते, आणि ही घट रोजच्या सपाट चालण्यात दिसत नाही.

हा लेख अशा माणसांची तपासणी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे: आशा सेविका, उपकेंद्रात नव्यानं रुजू झालेले आरोग्य अधिकारी, फिजिओथेरपीचे विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते, आणि मे महिन्यात किंवा गणपतीला घरी आलेले मुलगा-मुलगी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हिंडत्या माणसाला सोप्या चाचण्या देऊन "सगळं उत्तम" असा शेरा मारू नका. रुग्णालयात वापरली जाणारी 'बर्ग बॅलन्स स्केल' घ्या. १४ कृती आणि ५६ गुणांची ही चाचणी अशक्त रुग्णांसाठी चांगली आहे, पण रोज शेतात जाणारी आजी त्यात पैकीच्या पैकी किंवा एक-दोन कमी गुण घेऊन मोकळी होते. तिचा तोल गेल्या वर्षीपेक्षा कमी झालाय का, हे त्या ५६ गुणांतून कळणारच नाही. म्हणून सोप्यापासून सुरुवात करायची, पण तिथे थांबायचं नाही. माणूस कुठे अडखळतो ते दिसेपर्यंत पायरी-पायरीनं कठीण करत जायचं, अर्थात सांभाळून.

आधी विचारा, मग उभं करा

गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना तोल जाईलसं वाटतं का? पडायची भीती वाटते का? अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या 'स्टेडी' या उपक्रमात हेच तीन प्रश्न आधी विचारतात आणि एकालाही "हो" आलं तरी पुढची तपासणी करतात. आपल्याकडे पहिला प्रश्न जरा फोड करून विचारा. नुसतं "पडलात का?" म्हटलं की उत्तर हमखास "नाही" येतं. "न्हाणीत घसरलात? बांधावरून पाय सरकला? उंबरठ्याला ठेचकाळलात? धप्पकन बसलात कधी?" असं जागा घेऊन विचारलं की आठवतं. आठवलं की कुठे, कशामुळे, पडल्यावर आपलं आपण उठता आलं का, एवढं लिहून घ्या.

मग औषधांची पिशवी मागा. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांपैकी कशानेही उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तदाबाचं यंत्र असेल तर ही तपासणी जरूर करा: पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर तोलाच्या चाचण्यांआधी डॉक्टरांना दाखवायला हवं. औषध त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करायला मात्र सांगू नका.

छातीत दुखतंय, ताप आहे, त्याच दिवशी चक्कर आलीय, नुकतंच ऑपरेशन किंवा हाड मोडलंय, पायात नवीन सूज आणि दुखणं आहे, अशा दिवशी चाचणी घ्यायचीच नाही. दिवसभर भात झोडून आलेल्या माणसाचीही संध्याकाळी घेऊ नका. सकाळची न्याहारी झाल्यावरची वेळ उत्तम.

मधुमेह किती वर्षांचा आहे तेही विचारा. आपण तीन गोष्टींच्या भरवशावर उभे असतो: डोळे, आतल्या कानातलं तोलाचं यंत्र आणि तळपायापासून वर येणारी जाणीव. तिन्ही शाबूत असतील तर एखादी थोडी कमी पडली तरी बाकीच्या दोन सांभाळून घेतात. मधुमेहानं तळपायाची जाणीव गेलेला माणूस दिवसा नजरेच्या जोरावर व्यवस्थित चालतो आणि रात्री लाइट गेली की अंगणात धडपडतो. मोतीबिंदू असलेला माणूस उलट तळपायाच्या जाणिवेवर जास्त विसंबतो. पुढच्या चाचण्यांमध्ये कधी डोळे मिटायला सांगायचे, कधी पायाखाली जाड फोम द्यायचा, ते यासाठीच. एकेक आधार काढून घेतला की कोणता मुळातच कमजोर आहे ते कळतं.

जागा आणि सामान

सारवलेलं अंगण दिसायला सपाट असलं तरी त्याला उंचसखलपणा असतो आणि कोरड्या सारवणावरून पाय सरकतो. शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर अशी कोरडी, सपाट, उजेडाची जागा बघा. फरशी ओली नको, सतरंजीची कड मध्ये नको, पायात येणारं मांजर नको. किमान पाच मीटर सरळ मोकळी जागा हवी. बाजूला भिंत असली तर फार बरं.

सामान थोडं लागतं: मोजपट्टी, रंगीत चिकटपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, वही, आणि एक खुर्ची. खुर्चीबद्दल आग्रही राहा. बैठक जमिनीपासून साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच हवी, पाठ सरळ हवी, चाकं नकोत. लग्नकार्यात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसताना फाकतात आणि मागे सरकतात. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची आणा, ती भिंतीला टेकवून ठेवा आणि तिची उंची वहीत लिहा. सहा महिन्यांनी दुसऱ्या, बुटक्या खुर्चीवर चाचणी घेतलीत तर तुलना करण्यात अर्थ उरणार नाही.

माणसं दोन हवीत, एक वेळ बघायला आणि एक आजींच्या बाजूला. बाजूच्या माणसानं किंचित मागे आणि कडेला उभं राहायचं, हात कमरेजवळ तयार ठेवायचा पण अंगाला लावायचा नाही. हात लागला तर तो आधार झाला आणि ती खेप मोजायची नाही. साडीच्या निऱ्या पायात येतात, विशेषतः पाऊल पावलासमोर ठेवताना. पदर खोचून, निऱ्या घोट्याच्या वर घ्यायला आधीच सांगा. आजोबांची लुंगीही तशीच वर बांधायला लावा. पायात काय होतं, अनवाणी की चप्पल, ते लिहा आणि पुढच्या वेळी तेच ठेवा. अंगठ्यातून सुटणाऱ्या झिजलेल्या स्लिपर घालून कोणतीच चाचणी घेऊ नका. तशा स्लिपर दिसल्या तर त्या बदलायला सांगणं हाच पहिला सल्ला समजा.

पहिली चाचणी: उठा, चाला, वळा, बसा

'टाइम्ड अप अँड गो' ही चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावा. आजी पाठ टेकून बसतील. त्यांना सांगायचं: "मी 'चला' म्हटलं की उठा, नेहमीच्या चालीनं त्या पट्टीपर्यंत जा, वळा, परत या आणि बसा." 'चला' या शब्दाबरोबर घड्याळ सुरू, बूड टेकलं की बंद. आधी एक खेप सरावाची द्या. नेहमीची काठी असेल तर वापरू द्या आणि तशी नोंद करा.

१२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे, असं 'स्टेडी' मानतं. पण हिंडते-फिरते ज्येष्ठ हे बहुधा आठ-दहा सेकंदांत करतात, त्यामुळे इथे आकड्यापेक्षा तुमचे डोळे कामाला लावा. सगळ्यात जास्त बघण्यासारखं काही असेल तर ते पट्टीवरचं वळण. तोल उत्तम असलेला माणूस दोन-तीन पावलांत सहज गिरकी घेतो. तोल कमी होऊ लागला की पावलं लहान होतात, संख्या वाढते, आणि मान-खांदे-कंबर एकदम, एका ठोकळ्यासारखी वळतात. एक आजोबा नऊ सेकंदांच्या आत परत येऊन बसले आणि बघणारे खूश झाले. त्यांच्या पायांकडे पाहिलं तर ते वळताना अर्धवर्तुळाचा मोठा वळसा घेत होते, आणि परत वळण आलं तेव्हा हात नकळत भिंतीकडे गेला. वहीत "९ से." एवढंच लिहिलं असतं तर ही गोष्ट हातातून निसटली असती. उठताना हातांनी रेटा दिला का, उठल्यावर क्षणभर थांबावं लागलं का, पाय घासत होते का, बसताना धप्पकन सोडलं का, हेही शब्दांत लिहा.

खुर्चीवरून तीस सेकंद

पायांतली ताकद बघायला ही चाचणी सोपी आणि चोख आहे. खुर्चीच्या मधोमध बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हात छातीवर आडवे, पंजे विरुद्ध खांद्यांवर. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेलं असेल तर ती खेप धरा. हातांचा आधार घेतला तर चाचणी थांबवून शून्य लिहा, आणि शून्य का लिहिलं ते समजावून सांगा, नाहीतर माणूस हिरमुसतो.

'स्टेडी'च्या तक्त्यात सरासरीपेक्षा कमी कोणाला म्हणायचं त्याचे आकडे असे आहेत: वय ६० ते ६४ मध्ये पुरुष १४ पेक्षा कमी, स्त्रिया १२ पेक्षा कमी. ६५ ते ६९ ला पुरुष १२, स्त्रिया ११. ७० ते ७४ ला पुरुष १२, स्त्रिया १०. ७५ ते ७९ ला पुरुष ११, स्त्रिया १०. ८० ते ८४ ला पुरुष १०, स्त्रिया ९. हे तिकडच्या लोकांवरून काढलेले आकडे आहेत. आयुष्यभर उकिडवं बसून भांडी घासलेल्या, पाटावर बसून जेवलेल्या आपल्या आज्या यात पुष्कळ पुढे जाताना दिसतील. म्हणून मी या तक्त्याचा उपयोग फक्त धोक्याची खालची रेघ म्हणून करावा असं म्हणेन. आजींची तुलना आजींच्याच मागच्या आकड्याशी करा. गेल्या मे महिन्यात १६ होते आणि आता ११ आलेत, तर ११ हा आकडा तक्त्यात पास असला तरी काहीतरी बिघडलंय.

गुडघेदुखी असलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली छोटी चाचणी देता येते: हात न लावता पाच वेळा उठा-बसा, १४ सेकंदांच्या आत जमतं का बघा.

पावलांच्या चार जागा, मग एक पाय

आता जागच्या जागी उभं राहणं. डोळे उघडे, आधार नाही, प्रत्येक जागी १० सेकंद. आधी पाय जुळवून. मग एक पाऊल थोडं पुढे, त्याची आतली कड दुसऱ्याच्या अंगठ्याला लागेल असं. मग एका रेषेत, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना चिकटून. शेवटी एका पायावर. जागेवर येईपर्यंत हात धरू द्या, स्थिर झाले की हात सोडा आणि घड्याळ सुरू करा. एका रेषेत १० सेकंद टिकलं नाही तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात.

हिंडत्या माणसांसाठी खरी मजा एका पायावर सुरू होते. १० सेकंदांवर थांबवू नका, पुढे मोजत राहा. पाय खाली टेकला, उभा पाय जागचा हलला किंवा उचललेला पाय दुसऱ्यावर टेकवला की वेळ संपली. प्रत्येक पायाला तीन संधी द्या, उत्तम वेळ लिहा, आणि डावा-उजवा वेगवेगळा लिहा. दोन पायांत मोठा फरक दिसला तर जुनं दुखणं, कंबर, गुडघा यांची चौकशी करा. साठीतल्या लोकांना ढोबळमानानं तीसेक सेकंद, सत्तरीतल्यांना वीसेक सेकंद जमतं आणि ऐंशीच्या पुढे ते दहाच्या आसपास किंवा खाली येतं. वयाबरोबर इतक्या झपाट्यानं उतरणारी दुसरी सोपी चाचणी क्वचितच सापडेल, म्हणून दर वर्षी तुलना करायला ही फार उपयोगी आहे.

या चाचणीबद्दल मोबाइलवर एक निरोप फिरत असतो: दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर आयुष्य संपत आलं. त्यामागे ब्राझीलमध्ये झालेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांमध्ये ज्यांना हे जमलं नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण न जमणाऱ्यांमध्ये मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार मुळातच जास्त होते, आणि एका पायावर उभं न राहता येण्यानं कोणी मरत नाही. चाचणी घेताना आजींना हे ऐकवून घाबरवू नका. घाबरलेला माणूस आणखी लवकर पाय टेकतो.

जिथे खरा कस लागतो

इथपर्यंत सगळं नीट जमलं असेल तर आता दोन चाचण्या सांगतो, ज्या मला या लोकांसाठी सगळ्यात मोलाच्या वाटतात.

पहिली चार चौकोनांची. साधारण मीटरभर लांबीच्या चार बांबूच्या काठ्या जमिनीवर अधिकच्या चिन्हासारख्या मांडा, म्हणजे चार चौकोन तयार होतात. गोल बांबू पायाखाली आला तर गडगडतो, म्हणून तो चिकटपट्टीनं जमिनीला पक्का करा किंवा चपट्या कामट्या घ्या. पहिल्या चौकोनात उभं राहून तोंड दुसऱ्याकडे. मग दोन, तीन, चार, एक असं फेरीनं जायचं आणि लगेच उलटं: चार, तीन, दोन, एक. म्हणजे पुढे, बाजूला, मागे, बाजूला आणि परत. प्रत्येक चौकोनात दोन्ही पावलं टेकली पाहिजेत, काठीला पाय लागता कामा नये, आणि शक्यतो तोंड सतत समोरच हवं. आधी स्वतः करून दाखवा, मग त्यांना सावकाश सराव करू द्या, मग दोनदा वेळ लावून चांगली वेळ लिहा. १५ सेकंदांहून जास्त लागणाऱ्यांमध्ये वारंवार पडणारे अधिक सापडतात.

या चाचणीत मागे टाकलेलं पाऊल बघा. सपाट रस्त्यावर आपण मागे कधीच चालत नाही, पण लावणी करताना वाकून एकेक पाऊल मागेच सरकायचं असतं, तेही पोटरीभर चिखलात. लावणीची सवय असलेल्या बायका इथे टाच अलगद उचलून काठीपलीकडे ठेवतात. शेती सोडून दहा वर्षं झालेल्या माणसाची टाच काठीला घासते. एखाद्या आजींची टाच यंदा घासू लागली असेल, तर त्यांना यंदा लावणीला कडेला उभं राहून रोपांची मूठ फेकण्याचं काम द्या, असं घरी स्पष्ट सांगण्याइतकी ही खूण बोलकी आहे.

दुसरी आहे 'फुलर्टन ॲडव्हान्स्ड बॅलन्स स्केल'. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या फुलर्टन इथल्या डेब्रा रोझ यांनी ती मुद्दाम हिंडत्या-फिरत्या, स्वतंत्र राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तयार केली. दहा कृती, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ४०. पाय जुळवून डोळे मिटून उभं राहणं (पूर्ण गुणांसाठी ३० सेकंद), पुढे वाकून खांद्याच्या उंचीवरची पेन्सिल घेणं, दोन्ही बाजूंना पूर्ण गिरकी (चार किंवा कमी पावलांत जमली तर पूर्ण गुण), साधारण १५ सेंटिमीटर उंच पाटावर चढून पलीकडे उतरणं, एका रेषेत दहा पावलं, एका पायावर २० सेकंद, जाड फोमवर डोळे मिटून उभं राहणं, दोन्ही पायांनी लांब उडी, मान डावी-उजवी वळवत चालणं, आणि शेवटी मागे रेलल्यावर आधार अचानक काढला की स्वतःला सावरणं. २५ किंवा त्याहून कमी गुण आले तर धोका जास्त मानतात. मात्र २५ च्या खाली असूनही न पडणारे बरेच असतात, तेव्हा हा आकडा निकाल म्हणून जाहीर करू नका.

नवख्यांनी यातल्या तीन कृती स्वतःच्या जबाबदारीवर करूच नयेत: फोम, उडी आणि आधार काढणं. त्या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट समोर असतानाच करायच्या. घरातली कापसाची गादी फोमऐवजी चालणार नाही, तिच्यात पाऊल एका बाजूला रुततं. पाटावर चढणं-उतरणं आणि मान वळवत चालणं या दोन कृती मात्र भिंतीजवळ, बाजूला माणूस ठेवून जरूर शिका. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत चालणं, एसटी आली का ते मान वळवून बघणं, यात झोक जातो का ते तिथे लगेच दिसतं.

बोलता बोलता

सुदृढ दिसणाऱ्या माणसाचा तोल किती लक्ष देऊन सांभाळला जातोय, हे लक्ष दुसरीकडे वळवलं की कळतं. पहिलीच ३ मीटरची चाचणी पुन्हा घ्या, पण चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्यानं बोलायला सांगा. हिशेबाची सवय नसेल तर माशांची नावं घ्यायला लावा: बांगडा, सुरमई, तारली, मोरी, मुडदुशी... किनाऱ्यावरची आजी खुशीत घेते. दोन वेळांमधला फरक लिहा. बोलण्यासाठी चालणं पूर्ण थांबवावं लागलं तर ती ठळक नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. दर वेळी तोच विषय द्या, नाहीतर फरक तोलाचा की माशांच्या ज्ञानाचा ते कळणार नाही.

घड्याळ न लावता बघायचं

शक्य असेल तर त्यांच्याबरोबर त्यांच्या नेहमीच्या पाखाडीवरून एकदा चाला. चढताना दम कळतो, तोल उतरताना कळतो. पाऊल आडवं टाकतात का, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात का, कुठल्या पायरीशी हात कडेच्या दगडी गडग्याकडे जातो, हे बघा. ही काही प्रमाणित चाचणी नाही, तिला गुण देऊ नका. पण कठडा नेमका कुठे बसवायला हवा ते इथेच समजतं.

जमिनीवरून उठणंही बघा. पाटावर बसलेल्या आजोबांना "उठा" म्हटल्यावर एक हात टेकतात, दोन टेकतात की गुडघ्यावर येऊन खांब धरतात? एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. मुलं मुंबईला, शेजार हाकेच्या अंतरावर नाही, आणि पडल्यावर उठता आलं नाही तर तासन् तास तसंच पडून राहावं लागतं. अशा घरी मोबाइल खिशात किंवा कमरेच्या बटव्यात ठेवायची सवय लावा, आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करणारं कोणीतरी नेमा.

आकडे हातात आल्यावर

सगळं ठीक असेल तर तसं सांगा आणि तारीख, खुर्ची, पायातलं, आकडे, शब्दांतली निरीक्षणं असा एक कागद घरी ठेवायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ च्या पुढच्या प्रत्येकानं आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायचे आहेत, म्हणजे पास झालेल्यांनाही. ओट्याला हात लावून एका रेषेत उभं राहणं, खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, ओटा धरून एका पायावर. चूल किंवा गॅसजवळ नको, आणि ओल्या फरशीवर तर नकोच. "मी दिवसभर शेतात असतो, मला व्यायाम कशाला?" याला उत्तर असं की शेतातलं काम ताकद आणि दम राखतं, पण एका पायावर थांबणं, पटकन दिशा बदलणं त्यात पुरेसं होत नाही.

एक-दोन चाचण्यांत कमी पडलं असेल तर नेमकं काय कमी पडलं त्यावरून पुढचं ठरतं. खुर्चीवरून उठणं कमी, बाकी ठीक, तर पायांची ताकद वाढवायची. डोळे मिटल्यावरच लटपटत असतील तर तळपायाची जाणीव तपासून घ्यायची आणि मधुमेहाची तपासणी करायची. मान वळवल्यावर झोक जात असेल, अंथरुणात कूस बदलताना घर फिरल्यासारखं होत असेल, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर. पायरीचा अंदाज चुकत असेल तर आधी डोळे दाखवा. दूरचं आणि जवळचं एकाच चष्म्यात असलं की खाली बघताना पायरी अंधूक दिसते, तेव्हा उतरताना फक्त दूरचा चष्मा वापरता येईल का तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जाताना तुमचा कागद बरोबर द्या. "पडतात" एवढ्या चिठ्ठीपेक्षा तो कितीतरी कामाचा असतो.

पुन्हा तपासणी वर्षातून दोनदा करा. कोकणात पहिली वेळ मे महिन्याचा उत्तरार्ध. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि त्याआधी जांभ्याच्या पायऱ्यांवरचं जुनं शेवाळ खरवडून काढायला, न्हाणीत पकडायला दांडी बसवायला आणि यंदा साकवावरून कोणी एकट्यानं जायचं नाही हे ठरवायला दोन-तीन आठवडे मिळतात. दुसरी वेळ भातकापणी उरकल्यावर. मध्ये कोणी पडलं, आठवडाभर अंथरुणाला खिळलं किंवा नवीन औषध सुरू झालं, तर तारखेची वाट बघू नका.

आणि अचानक बिघडलेला तोल या लेखातल्या कुठल्याच चाचणीनं तपासायचा नाही. काल ठीक असलेला माणूस आज एका बाजूला झुकत असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलणं जड झालं असेल, एक हात किंवा पाय उचलत नसेल, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला पडून लागलं असेल, तर स्टॉपवॉच ठेवून द्या आणि १०८ ला फोन करा. लक्षण पहिल्यांदा दिसलं ती वेळ आठवणीनं लिहून ठेवा, रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.